जसे आहे तसे

जुन्या वस्तूंच्या व्यवहारात एक वाक्य हमखास कानावर येते. 'जसे आहे तसे आहे, बघून घ्या.' सायकल असो, शिलाई मशीन असो की घर बदलणाऱ्या शेजाऱ्याचे कपाट असो, भाव ठरत आला की विकणारा हे वाक्य म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. वाक्यात खोटे काही नाही. वस्तू जशी आहे तशीच असते, त्यात शंका कसली? पण आपल्या बाजारातल्या कितीतरी भांडणांचे मूळ याच निरुपद्रवी वाक्यात असते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. 'जसे आहे' म्हणजे नेमके कसे आहे, हे विकणाऱ्याला तरी ठाऊक आहे का, ते या वाक्यातून कधीच कळत नाही.

माहीत असलेला ऐब लपवणे हे पाप आहे. यावर कोणत्याही धर्मात, कोणत्याही मोहल्ल्यात वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढे. माहीतच नसलेला ऐब विकला गेला तर विकणारा दोषी ठरतो का? आणि तो माहीत नव्हता याचे कारण इतकेच असेल, की त्याने वस्तू कधी उघडून पाहिलीच नाही, तर? न पाहणे ही केवळ सवय म्हणायची, की त्यालाही काही जाब असतो?

हा प्रश्न पुस्तकी वाटेल. पण एका कोळशाच्या सिगडीवरून तो आमच्या अंगणात उभा राहिला, आणि तीन समजूतदार माणसांना त्याने संध्याकाळभर बसवून ठेवले. म्हणून आधी सिगडीबद्दल थोडे सांगते.

शीककबाबची सिगडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. आतून कशी असते, ते मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. लोखंडी पत्र्याची लांबट पेटी, साधारण चार फूट लांब आणि फूटभर रुंद. खाली अँगलचे चार पाय. वरच्या दोन्ही कडांना पट्ट्या, त्यांच्यावर शीक टेकवायच्या. पेटीत मध्यावर भोकांची जाळी, तिच्यावर कोळसा पेटतो. जाळीखाली रिकामी जागा, तिच्यात राख गळते. बाजूला वाऱ्यासाठी भोके असतात, तिथे पुठ्ठा किंवा पंखा हलवला की निखारे फुलतात. मांसातली चरबी निखाऱ्यावर टपकते, जळते, तिचा धूर कबाबला लागतो आणि ज्या वासासाठी आपण थांबतो तो वास तयार होतो. काही चरबी मात्र जाळीतून खाली उतरते आणि राखेत मुरते. रोज रात्री गाड्यावरचा पोरगा वरवरची राख खरवडून काढतो. तळाशी राख आणि चरबी यांचा जो थर बसतो, तो तसाच राहतो. दोन-तीन वर्षांत तो दगडासारखा होतो. राख हवेतली ओल धरून ठेवते, आणि ओली राख वर्षानुवर्षे लोखंडाला चिकटून राहिली की पत्रा खाल्ला जातो. वरून पाहणाऱ्याला राख दिसते, खालून पाहणाऱ्याला काजळी दिसते. या दोहोंच्या मधल्या पत्र्याचे काय झाले आहे, ते कुणालाच दिसत नाही.

माझा खालेरा भाऊ बार्शीला राहतो. २०२४ चा रमजान मार्चमध्ये येणार होता, आणि इफ्तारनंतरच्या गर्दीसाठी आपणही कबाबचा गाडा लावावा असे त्याच्या मनात होते. सोलापुरात ओळखीतल्या एकाने नऊ वर्षे चालवलेला गाडा बंद केला होता. त्याची सिगडी सात हजारांत ठरली. विकणाऱ्याने ते नेहमीचे वाक्य म्हटले, आणि त्याला जोडून आणखी एक: "जैसी है वैसी है मियाँ, देख लेव. मजबूत माल है, और दस साल चलती." भावाने वरून-खालून पाहिले, पैसे दिले आणि सिगडी हातगाडीवर घालून आमच्या घरी आणली.

बार्शीला न्यायची तर एका सिगडीसाठी टेम्पो परवडत नव्हता. त्याची जुनी मोटार होती. मागची सीट पाडली तर चार फुटांची पेटी आडवी बसत होती, पण पायांसकट नाही. म्हणून सिगडी खोलायची ठरली.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. पहिली गोष्ट, सिगडी पूर्ण थंड असली पाहिजे. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, आणि बंद मोटारीत धुमसणारा कोळसा म्हणजे साक्षात मृत्यू. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतोच. दुसरी गोष्ट, राख कोरडीच काढायची. पाणी मारले की चिखल होतो आणि तो सांध्यांत जाऊन बसतो. मग शीक, जाळी, पट्ट्या एकेक करून बाजूला. भावाने मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढले. मी शाळेतला खडू आणून प्रत्येक पायावर आणि पेटीच्या त्याच कोपऱ्यावर एकच आकडा लिहिला, म्हणजे जोडताना गोंधळ नको. निघालेले नटबोल्ट आकड्यानुसार वेगवेगळ्या पाकिटांत घालायची तयारी केली.

आणि मग बोल्ट हलेनात. नऊ वर्षांची आच, चरबी आणि गंज यांनी नट आणि बोल्ट एकजीव झाले होते. थोडे डिझेल सोडले, अर्धा तास थांबलो, तेरा नंबरचा पाना लावून वरून हातोडीचे हलके ठोके दिले. तीन पाय निघाले. चौथ्याच्या एका बोल्टचे डोके तुटून हातात आले. शेवटी सगळे सुटल्यावर पेटी मोटारीत सरकवण्यासाठी भावाने ती कुशीवर केली. तेव्हा तळाचा थर तडकला, विटेसारखे तुकडे खाली पडले आणि त्यांच्या जागी उन्हाचा कवडसा आत आला. तळाला तळहाताएवढे भोक होते. त्याच्या भोवतीचा पत्रा बोटाने दाबला तर पापडासारखा मोडत होता. नऊ वर्षे राखेनेच तळाचे काम केले होते.

विकणाऱ्याला फोन केला. तो मनाने चांगला माणूस, त्याच संध्याकाळी आला. भोक पाहून तो आमच्याइतकाच चकित झाला. "नौ साल धंदा करा मैं, कभी खोल्या नै. मेरे कू क्या मालूम?" भाऊ म्हणाला, "तुम्हारे कू मालूम नै तो किस कू मालूम रहना?" आमच्या शेजारचे एक वडीलधारे चाचा तिथे बसले होते. ते म्हणाले, "पर तुम बी तो खोल दिये ना उसकू. बोल्ट बी तोड़ दिये. अब वापस देंगे तो कैसी देंगे?"

मला वाटते, सगळा प्रश्न या तीन वाक्यांत आला आहे. ज्याने वापरली त्याने उघडली नाही. ज्याने घेतली त्याला उघडल्याशिवाय कळले नसते. आणि ज्याने उघडली त्याच्या हातून उघडताना काहीतरी मोडले.

अशा वेळी आपल्याला धान्याच्या ढिगाची हदीस आठवतेच. पैगंबर साहेब बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विचारले तर व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी त्याला सांगितले, की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातली एक बारीक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पाऊस व्यापाऱ्याने पाडला नव्हता. त्याला जाब विचारला गेला तो ओल कुठे ठेवली याबद्दल, ओल आली कशी याबद्दल नाही. आणि धान्याच्या ढिगात हात घालता येतो. नऊ वर्षे घट्ट बसलेल्या पेटीत तो कसा घालणार?

आपल्या फिक्हच्या जाणकारांनी या पुढच्या प्रश्नाचाही विचार केलेला आहे. घेतलेल्या वस्तूत जुना ऐब निघाला तर सौदा परत करण्याचा जो हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. विकणाऱ्याला ऐब माहीत होता की नव्हता, यावर हा हक्क अवलंबून नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गुनाह नीयतीवरून ठरतो, भरपाई वस्तूवरून ठरते. पण घेणाऱ्याच्या हातून वस्तूत नवा ऐब आला असेल तर हनफी मतानुसार त्याला ती विकणाऱ्यावर लादता येत नाही. जुन्या ऐबामुळे किमतीत जेवढी घट होते तेवढी रक्कम तो मागू शकतो. विकणारा स्वखुशीने परत घेत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे चाचांचा तुटलेल्या बोल्टचा मुद्दा पोकळ नव्हता.

बाराव्या शतकातल्या मर्गिनानी यांच्या 'हिदाया' या ग्रंथात याच प्रकरणात अंडी, कलिंगड आणि अक्रोड यांची चर्चा आहे. अंडे फोडले आणि सडके निघाले, अक्रोड फोडला आणि आत काहीच कामाचे नाही, तर काय? फोडल्याशिवाय कळत नव्हते आणि फोडल्यावर ते परत देण्यासारखे राहिले नाही. तिथे निर्णय असा, की वस्तू अगदीच निकामी निघाली तर पूर्ण पैसे परत, आणि थोडीफार उपयोगाची असेल तर घटीएवढी भरपाई. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी बसून अक्रोडाचा एवढा विचार केला होता, याचे मला कौतुक वाटते. १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते वापरले गेले.

'जसे आहे तसे' या वाक्याचाही विचार फिक्हमध्ये आहे. कोणत्याही ऐबाची जबाबदारी माझ्यावर नाही, अशी अट विकणाऱ्याने घातली आणि घेणाऱ्याने कबूल केली, तर हनफी मतात ती चालते, ऐब एकेक करून सांगितले नसले तरी. शाफई मत इथे बरेच कडक आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी आणि कोकणातले आपले बांधव बहुतेक शाफई. म्हणजे सोलापूरची सिगडी रत्नागिरीला विकली असती तर चर्चा थोडी वेगळी झाली असती.

देशाचा कायदाही पाहण्यासारखा आहे. १८७२ चा करार कायदा अजून लागू आहे. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे तो म्हणतो आणि घोड्याचे उदाहरण देतो. घोडा आजारी आहे हे ठाऊक असूनही मालकाने लिलावात तोंड उघडले नाही, तर कायद्याच्या नजरेत ती फसवणूक होत नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हे उदाहरण मी वाचले तेव्हा थांबले. मुलीला सांगायचे आणि परक्याला सांगायचे नाही, इथे कायदा थांबतो. धान्याच्या ढिगाजवळ उभे राहून पाहिले, तर प्रत्येक गिऱ्हाईक त्या मुलीच्या जागी असते.

याच कायद्यात पुढच्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. एखाद्याने एखादी गोष्ट खरी मानून ठामपणे सांगितली, पण तेवढ्या ठामपणाला पुरेल इतकी माहिती त्याच्याकडे नव्हती आणि ती गोष्ट खोटी निघाली, तर कायदा त्याला फसवणूक म्हणत नाही. त्याला वेगळे नाव देतो, आणि तरीही समोरच्याला करार मोडण्याची मुभा ठेवतो. म्हणजे खोटे बोलणारा आणि खरे बोलणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो. आपल्या माहितीच्या पलीकडे जाऊन खात्री देणारा. बाजारात सर्वांत जास्त संख्या याच माणसाची असावी.

आमच्या अंगणातला खरा तिढा पैशाचा नव्हताच. विकणारा थोड्या वेळाने म्हणाला, "पैसे लेव वापस, मगर मेरे कू धोकेबाज मत बोलो." सात हजार त्याला जड नव्हते, तो शब्द जड होता. आणि भाऊही अडून बसला होता तो पैशासाठी नव्हे, आपण मूर्ख ठरलो या भावनेसाठी. म्हणून भरपाईचा हिशेब फिक्हने आणि कायद्याने सोडवला तरी नीतीचा प्रश्न उरलाच. तो माणूस धोकेबाज होता का?

मला वाटते, नव्हता. पण त्याची सुटका 'मला माहीत नव्हते' एवढ्यावर होत नाही. माहीत नसण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. एक अक्रोडासारखे. आत काय आहे ते मोडल्याशिवाय कळतच नाही. तिथे कुणालाही बोल लावता येत नाही. दुसरे, पाहता आले असते पण पाहण्याची गरज पडली नाही. गाडा चालत होता, कबाब शेकत होते, राख खाली सांडत नव्हती. उघडायचे कशाला? तिसरे, मनात कुठेतरी शंका होती आणि म्हणूनच उघडले नाही. उघडले असते तर कळले असते, कळले असते तर सांगावे लागले असते. या तिसऱ्या प्रकाराला मी अज्ञान म्हणणार नाही. तो जाणूनबुजून राखलेला अंधार आहे, आणि ढिगाच्या आत ठेवलेल्या ओल्या धान्यापेक्षा तो वेगळा नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला दुसरा आणि तिसरा प्रकार ओळखू येत नाही, ही खरी अडचण. त्या माणसाच्या मनात शंका होती की नव्हती, ते अल्लाहला ठाऊक. आपल्या हातात एकच माप आहे, ते म्हणजे उघडायला किती कष्ट पडतात. अक्रोड फोडला की संपला. सिगडीला बोल्ट होते. बोल्ट असतात तेच मुळी वस्तू खोलता यावी आणि पुन्हा जोडता यावी म्हणून. ज्याने नऊ वर्षे तिच्यावर पोट भरले, त्याला विकण्यापूर्वी एकदा ती उलटी करून पाहता आली असती. दुसरीकडे, ज्याच्या हातात ती अर्धा तास होती, त्याच्याकडून बाजारातल्या त्या गर्दीत पाना काढण्याची अपेक्षा करता येत नाही. वस्तू ज्याच्याजवळ जास्त काळ होती, पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त.

यावर चाचांनी घेतलेला आक्षेप मी विसरू शकत नाही. त्यांनी आयुष्यभर जुन्या मालाचा धंदा केला आहे. ते म्हणाले, की प्रत्येकाने प्रत्येक वस्तू खोलून दाखवायची म्हटले तर जुना बाजार उद्या बंद पडेल. मुंबईच्या चोर बाजारापासून आपल्या आठवडी बाजारापर्यंत जुना माल स्वस्त मिळतो तो त्यात न पाहिलेले असते म्हणूनच. घेणाराही ते जाणतो, आणि तो धोका वजा करूनच भाव करतो. गरिबाला नवी सिगडी परवडत नाही, म्हणून तो जुनी घेतो. तुमच्या नीतीने जुनी महाग झाली तर त्याचे काय भले झाले?

हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर मला त्याच संध्याकाळी सापडले असे वाटते. सगळे उघडून दाखवा, असे म्हणण्याची गरजच नाही. फक्त वाक्य बदला. 'जसे आहे तसे आहे' याऐवजी 'मी हे उघडून पाहिलेले नाही' असे म्हणा. पहिले वाक्य वस्तूबद्दल बोलते आणि सांगत काहीच नाही. दुसरे वाक्य बोलणाऱ्याबद्दल आहे, आणि ते सगळे सांगते. ते ऐकून घेणारा स्वतः ठरवील, की पाना काढायचा, भाव कमी करायचा, की आहे तशीच घ्यायची. त्याने बाजार बंद पडत नाही. उलट धोक्याचा भाव दोघांना माहीत असून ठरतो. आपल्याला वस्तूचे सगळे ऐब ठाऊक असलेच पाहिजेत, असा दंडक माणसावर कुणी घातलेला नाही. आपली माहिती कुठपर्यंत जाते, एवढे तर प्रत्येकाला ठाऊक असते. तेवढे सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्याच्यापुढची खात्री उधारीची असते. 'और दस साल चलती' ही तशी होती.

त्या दिवशीचा निकाल सांगते. चाचांनीच तो दिला. सिगडी परत करायची नाही. तळाला नवा, जाड पत्रा वेल्डिंग करून घ्यायचा. त्याचा खर्च विकणाऱ्याने द्यायचा. तुटलेला बोल्ट आणि जोडणीची मजुरी भावाची. विकणाऱ्याने लगेच पैसे काढून दिले. जाता जाता भावाने त्याला चहा दिला आणि म्हणाला, "धोकेबाज मैं बोल्या नै, चाचा गवाह हैं." तो माणूस पहिल्यांदा हसला.

उघडणाऱ्याची बाजूही थोडी पाहिली पाहिजे. मराठीत मोडणे आणि खोलणे हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यातला फरक हातोडीच्या जोरात नाही. ज्याला पुन्हा जोडायचे आहे तो खोलतो. तो खुणा करतो, पाकिटे भरतो, आकडे लिहितो. ज्याला जोडायचे नाही तो मोडतो, मग कितीही हळू हाताने मोडेना का. मी उर्दू शाळेत भाषा शिकवते. वाक्याचा एकेक शब्द सुटा करून कर्ता कोणता, कर्म कोणते, कोण कुणाला जोडलेले आहे हे दाखवण्याला उर्दू व्याकरणात 'तरकीब' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र जोडणे, एकावर एक रचणे असा आहे. मुले दरवर्षी विचारतात, की आपण वाक्य तोडतो आणि त्याला जोडणे का म्हणतो? मी सांगते, की जोडणी समजण्यासाठी जे सुटे केले जाते ते तोडणे नव्हे. एखाद्याचा ऐब उघड करणाऱ्यालाही हेच लागू आहे. भावाने सिगडी उघडून भोक दाखवले ते ती पुन्हा चालवण्यासाठी. तो ते भोक घेऊन मोहल्लाभर त्या माणसाची बदनामी करत फिरला असता, तर त्याच पान्याने त्याने मोडण्याचे काम केले असते.

आणखी एक गोष्ट. पाय पुन्हा जोडता आले, तळ नवा बसला, खडूच्या खुणा धुऊन गेल्या. पण एकदा कळलेले परत पेटीत घालता येत नाही. उद्या भावाने ही सिगडी विकायला काढली, तर 'जसे आहे तसे' म्हणण्याचा हक्क त्याने गमावलेला आहे. तळ बदललेला आहे, एक बोल्ट नवा आहे, जुना पत्रा का गेला, हे त्याला सांगावे लागेल. ज्ञान ही अमानत आहे असे आपण म्हणतो ते मदरशातल्या आणि शाळेतल्या ज्ञानाबद्दल. पण गंजलेल्या पत्र्याचे ज्ञानही अमानतच आहे. कदाचित म्हणूनच माणसे उघडायला कचरतात. पाना फिरवण्याचे कष्ट थोडे असतात. कळल्यानंतर जे ओझे अंगावर येते, ते जड असते.

हे फक्त सिगडीपुरते नाही. लग्नाच्या सोयरिकीत मुलाकडचे सांगतात, लडका हीरा है. विचारणाऱ्या मावशीने त्या मुलाला गेल्या दहा वर्षांत पाहिलेले नसते, तरी ती मान डोलावते. खरे तर सोयरिकीबद्दल सल्ला विचारला असता ठाऊक असलेले खरे सांगणे ही गीबत नव्हे, असे उलेमांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. मग ठाऊक नसलेले ठाऊक नाही म्हणणे तर किती सोपे असायला हवे. आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकावर 'समाधानकारक' असा शेरा मारतो, आणि पासष्ट मुलांच्या वर्गात त्या एका मुलाला आपण वर्षभरात कितीदा वाचायला उभे केले, ते त्या शेऱ्यात येत नाही. ते मूल पुढच्या वर्गात 'जसे आहे तसे' जाते. तिथल्या शिक्षकाच्या हातात ते उघडते, तेव्हा तळ कुठे गेला याची चर्चा सुरू होते.

आपल्याकडे फतवा लिहिणारा मुफ्ती सगळे दाखले देऊन, मत मांडून झाल्यावर शेवटी 'वल्लाहु आलम' लिहितो. अल्लाह अधिक जाणतो. आपल्याला ती केवळ रीत वाटते. पण ज्याने आयुष्यभर अभ्यास केला, तोही आपल्या मताखाली आपल्या ज्ञानाची हद्द आखून सही करतो, असा तिचा अर्थ आहे. त्याने त्याचे मत कमकुवत होत नाही. लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात त्यात या दोन शब्दांचाही वाटा असतो. जुन्या बाजारात सिगडी विकणाऱ्याला अरबी शब्दांची गरज नाही. "नीचे का मैं देख्या नै" एवढे म्हटले तरी पुरे. सौदा कदाचित पाचशे रुपयांनी कमी होईल, आणि रात्री त्याला कुणाचा फोन येणार नाही.